दोन फ्लॅट भाड्याने आहेत, राहतं घर बदलतोय, तरी ५% जास्तीची स्टॅम्प ड्यूटी लागणार का?

कॉव्हेंट्री_ते_ब्रिस्टल

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे परत परत विचारायला नको.

आम्ही नवरा-बायको, दोघंही नोकरी करतो. कॉव्हेंट्रीचं घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे, लग्नाआधी घेतलेलं. लग्नानंतर आम्ही दोघं तिथेच राहिलो, मुलगीही तिथेच झाली. १८ नोव्हेंबर २०२३ ला माझ्या नोकरीमुळे ब्रिस्टलला आलो, इथे भाड्याने राहतोय, आणि कॉव्हेंट्रीचं घर रिकामं ठेवण्यात अर्थ नव्हता म्हणून जानेवारी २०२४ पासून तिथे टेनंट ठेवलेत. त्याशिवाय दोन बीटीएल (बाय-टू-लेट, म्हणजे भाड्याने द्यायलाच घेतलेले) फ्लॅट आहेत, एक मिसेसचा स्वतःचा (तिने लग्नाआधी घेतलेला) आणि एक दोघांच्या नावावर. या दोन्हीत आम्ही कधीच राहिलेलो नाही.

आता ब्रिस्टलमध्येच ६,२०,००० पाउंडाचं घर बघितलंय, ऑफर मान्य झालीय, दोघांच्या नावावर घ्यायचंय. कॉव्हेंट्रीचं घर विकणार हे नक्की, पण टेनंट आत आहेत त्यामुळे कधी विकलं जाईल ते सांगता येत नाही.

कन्व्हेयन्सरने (घरखरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्याने) ईमेलमध्ये सरळ लिहिलंय की सरचार्ज, म्हणजे ही ५% जास्तीची ड्यूटी, लागणार आणि परतही मिळणार नाही. कारणं तीन दिलीत. एक, तुमचे आणखी दोन फ्लॅट आहेत. दोन, कॉव्हेंट्रीच्या घरावर मिसेसचं नाव नाही, मग ती तिचं राहतं घर बदलतेय असं कसं म्हणायचं. तीन, ते घर आता भाड्याने दिलेलं आहे म्हणजे ते राहतं घर उरलंच नाही. हे बरोबर आहे का? ३१ हजार पाउंडाचा प्रश्न आहे हो, डिपॉझिटमधूनच जाणार ते. फक्त माझ्या नावावर घेतलं तर काही फरक पडेल का?

लेस्टरवाले

तुमच्या एकट्याच्या नावावर घ्या ना. राहतं घर तुमच्या नावावर होतं, नवीनही तुमच्याच नावावर, बायकोच्या फ्लॅटचा मग संबंधच येत नाही. आमच्या ओळखीत एकाने असंच केलं.

डीड्स_आणि_डेट्स

लेस्टरवाले, तसं होत नाही, आणि हा सल्ला फार जण देतात म्हणून आधी याचंच उत्तर देते. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर घर एकाच्याच नावावर घेतलं तरी कायदा असं बघतो की दुसराही खरेदीदार असता तर सरचार्ज लागला असता का, आणि उत्तर हो आलं की लागतो. म्हणजे नाव काढून काहीच हाती लागत नाही, उलट मिसेसचं नाव घरावर नाही आणि मॉर्गेजसाठी तिचा पगार धरायचा तर लेंडरकडे वेगळी खटपट. कायमचे विभक्त झालेत अशांना हे लागू नाही, पण तो इथे विषयच नाही.

आता मूळ प्रश्न. मी कन्व्हेयन्सिंगमध्येच काम करते, तुमची फाइल माझ्यासमोर नाही हे धरून वाचा. तुमच्या कन्व्हेयन्सरची तिन्ही कारणं मला पटत नाहीत, पण एक चौथी गोष्ट आहे जी त्यांनी लिहिलीच नाही आणि तुमचे ३१ हजार खरं तर त्या गोष्टीवर अवलंबून आहेत. तिच्याकडे येते, आधी ही तीन.

किती फ्लॅट आहेत हा प्रश्न राहतं घर बदलताना गैरलागू आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये हा सरचार्ज आला (तेव्हा ३% होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५%) तेव्हापासूनच नियम असा की राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेत असाल तर तुमच्याकडे एक बीटीएल असो नाहीतर दहा, साधाच दर. लँडलॉर्ड लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही. पण कायद्यात, म्हणजे फायनान्स ॲक्ट २००३ च्या शेड्यूल ४झेडए मध्ये, सरचार्ज लागायच्या ज्या अटी आहेत त्यातली शेवटची हीच आहे की नवीन घर हे आधीच्या राहत्या घराच्या बदली घेतलेलं नसावं. बदली असेल तर अट पुरी होत नाही, विषय संपला. मात्र विकायचं ते राहतं घरच. एखादा बीटीएल विकून ‘एक गेलं एक आलं’ असा हिशोब चालत नाही.

जुन्या घरावर मिसेसचं नाव नाही, हे दुसरं. तेही लागत नाही. कायद्याचे शब्दच असे आहेत की खरेदीदाराने किंवा त्याच्या नवऱ्याने/बायकोने आधीचं घर विकलेलं असावं. तुम्ही विकलंत तर तिच्या बाजूनेही विकल्यासारखंच. फक्त तिच्यासाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे खरी असावी लागते, ती म्हणजे ते घर तिचंही राहतं घर होतं. ते होतं, मुलगी तिथे झाली म्हणता, मग काउन्सिल टॅक्स, जीपीची नोंद, इलेक्टोरल रोल, बँकेची पत्रं, सगळं त्या पत्त्यावर असेलच. ते गोळा करून ठेवा. एचएमआरसी (इथलं कर खातं) कागदावरची मालकी बघत नाही, माणूस खरोखर कुठे राहत होता ते बघतं.

तिसरं, ‘आता भाड्याने आहे म्हणून राहतं घर नाही’. आजच्या दिवशी ते राहतं घर असायला हवं असं कुठेच लिहिलेलं नाही. नवीन घर घेता त्या दिवसापासून मागे ३ वर्षं मोजायची, त्या काळात कधीही ते तुमचं राहतं घर असलं की पुरे. मधे ब्रिस्टलला भाड्याने राहिलात त्यानेही काही बिघडत नाही, ७ वर्षांपेक्षा कमी मुदतीची टेनन्सी यात धरतच नाहीत. मधल्या काळात राहण्यासाठी म्हणून दुसरं घर विकत घेतलं असतंत तर गोष्ट वेगळी होती.

आणि चौथी गोष्ट यातूनच निघते. तुम्ही १८ नोव्हेंबर २०२३ ला घर सोडलंत. म्हणजे नवीन घराचं कम्प्लिशन (पूर्ण पैसे देऊन घर नावावर होण्याचा दिवस) नोव्हेंबर २०२६ च्या मध्याच्या आत व्हायलाच हवं. एकदा ती तारीख उलटली की त्या ३ वर्षांच्या खिडकीत कॉव्हेंट्रीचं घर येतच नाही, मग ते नंतर विका नाहीतर आधी विका, रिफंड नाही. बरेच जण इथे फसतात कारण त्यांच्या डोक्यात फक्त ‘विकायला ३ वर्षं मिळतात’ एवढंच असतं. ती दुसरी मुदत आहे, आत्ता सरचार्ज भरून नंतर जुनं घर विकून तो परत मागण्याची, ती नवीन घर घेतल्यावर सुरू होते. ही पहिली मुदत तुम्ही घर सोडलंत तेव्हाच सुरू झालीय आणि संपत आलीय.

कॉव्हेंट्री_ते_ब्रिस्टल

ताई, फार फार आभार, इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. पण मग आता प्लॅनच उलटा करावा लागेल असं दिसतंय. आम्ही ठरवलं होतं की ब्रिस्टलच्या विक्रेत्याला थांबायला सांगायचं (तो तयार आहे, त्याला घाई नाहीये, ख्रिसमसपर्यंत थांबतो म्हणतोय), आधी कॉव्हेंट्री विकायचं आणि मग साध्या दराने घ्यायचं म्हणजे ते ३१ हजार एकदम भरायलाच नकोत. हे केलं असतं तर?

डीड्स_आणि_डेट्स

तर ३१ हजार कायमचे गेले असते. कॉव्हेंट्री सप्टेंबरात विकलं आणि ब्रिस्टलचं कम्प्लिशन डिसेंबरात झालं असं धरा. डिसेंबर २०२६ पासून मागे ३ वर्षं म्हणजे डिसेंबर २०२३. तोपर्यंत तुम्ही ब्रिस्टलला येऊन गेलेला होता. घर विकलेलं आहे, विक्री ३ वर्षांच्या आतली आहे, पण राहतं घर असण्याची अट काही आठवड्यांनी हुकली, आणि दोन बीटीएल नावावर आहेत त्यामुळे पूर्ण किंमतीवर ५%.

म्हणून उलट करा. ब्रिस्टल आधी घ्या, आत्ता सरचार्ज भरा, मग कॉव्हेंट्री विकून रिफंड मागा. आकडे असे: ६,२०,००० वर साधी ड्यूटी म्हणजे पहिल्या १,२५,००० ला शून्य, २,५०,००० पर्यंत २% म्हणजे २,५००, आणि उरलेल्या ३,७०,००० ला ५% म्हणजे १८,५००, एकूण २१,०००. सरचार्ज संपूर्ण किंमतीवर ५%, अगदी पहिल्या पाउंडापासून, म्हणजे ३१,०००. कम्प्लिशनच्या वेळी एकूण ५२,००० तयार ठेवावे लागतील, रिटर्न आणि पैसे दोन्ही १४ दिवसांत. मग कॉव्हेंट्री विकलं की ३१,००० परत.

कम्प्लिशन म्हणताना एक बारकावा. एक्स्चेंजची (करार पक्का होण्याची) तारीख सहसा मोजत नाहीत, कम्प्लिशनचीच मोजतात. पण कम्प्लिशनच्या आधीच चावी घेऊन राहायला गेलात किंवा जवळपास सगळी किंमत चुकती केलीत तर तो दिवस धरला जातो. तुमच्या बाबतीत तारीख अलीकडे येणं फायद्याचंच आहे, तरी नोव्हेंबरच्या काठावर जाऊ नका, चेन (एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रीची साखळी) कुठेतरी अडकते आणि दोन आठवडे असेच जातात. मी तुमच्या जागी असते तर सप्टेंबर धरला असता.

लीड्सची_ताई

रिफंडबद्दल मी सांगते, आम्ही मागितलाय आणि मिळालाय. आमचीही अशीच गोष्ट, जुनं घर विकायच्या आधी नवीन घेतलं कारण आमचा बायर ऐनवेळी मागे हटला.

फॉर्म ऑनलाइनच आहे गव्हर्मेंटच्या साइटवर, एसडीएलटी१६ म्हणतात त्याला (एसडीएलटी म्हणजे हीच स्टॅम्प ड्यूटी). त्यात नवीन घराच्या रिटर्नचा तो ११ अक्षरी यूटीआरएन नंबर लागतो, नऊ आकडे आणि शेवटी दोन अक्षरं. हा नंबर सॉलिसिटरकडून कम्प्लिशन झाल्याझाल्याच लिहून घ्या, नंतर फाइल आर्काइव्हला गेली की मागून मागून दमायला होतं. मग नवीन घराची तारीख, जुन्या घराचा पत्ता आणि विकल्याची तारीख, ते कोणाला विकलं, किती ड्यूटी भरली, किती परत हवी, बँकेचे डिटेल्स. दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांचीही संमती लागते.

मुदत लक्षात ठेवा: जुनं घर विकल्यापासून १२ महिने, किंवा नवीन घराच्या रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून १२ महिने, यातली जी नंतरची असेल ती. तुमच्या बाबतीत विकल्यापासूनचे १२ महिनेच लागू होतील.

आणि जुनं घर विकल्याची नोंद झाली की पत्रं यायला लागतात, ‘तुमचा स्टॅम्प ड्यूटी रिफंड मिळवून देतो’ वगैरे, टक्केवारीवर. सरळ कचऱ्यात टाका. ज्या माणसाला स्वतःचं घर कधी घेतलं आणि कधी विकलं ते माहीत आहे त्याला हा फॉर्म भरता येतो, त्यासाठी कोणाला हजारो पाउंड द्यायची गरज नाही. मला याचा खरंच राग येतो कारण आमच्या ओळखीतल्या एका वयस्कर जोडप्याकडून एका एजंटने रिफंडमधला मोठा वाटा काढून घेतला, आणि काम काय तर एक फॉर्म.

नॉटिंगहॅमची_नवी_सून

ताई, याच धाग्यात विचारते, वेगळा काढत नाही. आमचं लग्न गेल्या वर्षी झालं. नवऱ्याचं डर्बीला स्वतःचं घर आहे, तो तिथेच राहतो, ते विकून आम्ही दोघांच्या नावावर नॉटिंगहॅमला घर घेतोय. माझी नोकरी न्यूकॅसलला होती त्यामुळे लग्नानंतरही मी तिकडेच खोली घेऊन राहत होते, शनिवार-रविवार डर्बीला यायचे. माझा एक छोटा फ्लॅट आहे न्यूकॅसलला, आधीपासूनच भाड्याने दिलाय. वरचं वाचून मला वाटतंय की नवऱ्याने विकलं म्हणजे माझंही झालं, बरोबर ना?

डीड्स_आणि_डेट्स

अर्धंच बरोबर, आणि दुसरं अर्धं तुम्हाला महागात पडू शकतं. ‘नवऱ्याने विकलं’ हे तुमच्या बाजूने धरलं जातं. पण ‘ते घर तुमचंही राहतं घर होतं’ हे आपोआप धरलं जात नाही, ते तुमच्यासाठी वेगळं तपासतात. दोघं मिळून घर घेता तेव्हा दोघांपैकी एकजण जरी अटीत अडकला तरी पूर्ण खरेदीवर सरचार्ज, अर्ध्यावर नाही. तुमच्या नावावर न्यूकॅसलचा फ्लॅट आहे, आणि डर्बीला तुम्ही फक्त शनिवार-रविवार होतात असं निघालं, तर तुम्ही कुठलंच राहतं घर बदलत नाही आहात. नवरा पास, तुम्ही नापास. आणि वर लिहिलंय तसं, घर त्याच्या एकट्याच्या नावावर घेतलं तरी उत्तर तेच.

तुमच्या नावावर तो फ्लॅट नसता तर काहीच प्रश्न नव्हता, कारण मग तुमच्याकडे दुसरं घरच नाही. तो ४०,००० पाउंडापेक्षा कमी किंमतीचा असता तरीही नाही.

डर्बीचं घर अजून विकलेलं नाहीये ना? मग तुमच्याकडे वेळ आहे. तुम्ही खरोखर तिथे राहायला या, म्हणजे नोकरी बदलली असेल किंवा घरून करता येत असेल तर सामान हलवा, जीपी बदला, बँक, लायसन्स, इलेक्टोरल रोल, सगळं तिथे, आणि मग तिथून पुढे नवीन घरात जा. किती महिने हवेत असा आकडा कायद्यात नाही, पण नावापुरते पंधरा दिवस राहिलो म्हणून कोणी मान्य करणार नाही, आणि मीही तसं करायला सांगणार नाही. आयुष्य खरंच तिथे असायला हवं. कॅपिटल गेन्ससाठी जसं आपलं मुख्य घर कोणतं ते लेखी कळवता येतं तसं इथे नाही, इथे कळवून काही होत नाही, प्रत्यक्ष परिस्थितीच बघतात.

नॉटिंगहॅमची_नवी_सून

मार्चपासून मी घरूनच काम करतेय आणि न्यूकॅसलची खोली सोडून डर्बीलाच आहे, पण पत्ते कुठेच बदललेले नाहीत. आजच सुरुवात करते. घर बाजारात टाकायचं होतं या महिन्यात, ते जरा पुढे ढकलू.

स्लाव_मधला_ठाणेकर

आमचं थोडं वेगळं. इथे भाड्यानेच राहतोय ६ वर्षं, आता पहिलं घर घेतोय. ठाण्याला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, २०१४ ला घेतलेला, तो भाड्याने दिलाय. इंडियातली प्रॉपर्टी इथे कशी काय मोजतील? आणि माझ्या वडिलांच्या गावच्या घरात माझा हिस्सा आहे, वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेही धरतात का?

डीड्स_आणि_डेट्स

जगात कुठेही असली तरी मोजतात. ठाण्याच्या फ्लॅटची आजची किंमत बघता ४०,००० पाउंडाची मर्यादा ओलांडली जातेच, म्हणून सरचार्ज लागेल. तुम्हाला राहतं घर बदलल्याची सवलतही मिळणार नाही कारण ठाण्याहून येऊन ६ वर्षं झाली. फ्लॅट इथल्या कम्प्लिशनच्या आधी विकून मोकळे झालात तर तुमच्या नावावर दुसरं घर राहत नाही, मग सरचार्जही नाही. नंतर विकलात तर मात्र रिफंड नाही, कारण ते ३ वर्षांतलं राहतं घर नव्हतं. तुमच्यासाठी आधी की नंतर यावरच सगळं आहे.

गावच्या घराचं: वारसाहक्काने मिळालेला हिस्सा, खरेदीच्या आधीच्या ३ वर्षांत मिळालेला असेल आणि नवरा-बायको मिळून अर्ध्यापेक्षा जास्त नसेल, तर तो धरत नाहीत. दोन वर्षं झाली म्हणता म्हणजे अजून वर्षभर त्याची काळजी नाही. त्यानंतर तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पाउंड किंवा जास्त भरत असेल तर तो मोजला जाईल.

लेस्टरवाले

माझा वरचा सल्ला वाचून कोणी तसं करू नका, ताईंचं बरोबर आहे. एक विचारतो, बीटीएल लिमिटेड कंपनीत असतील तर? आणि मुलांच्या नावावर?

डीड्स_आणि_डेट्स

कंपनीच्या नावावरचं घर तुमचं वैयक्तिक घर म्हणून धरत नाहीत. पण म्हणून आत्ता घाईने स्वतःचे फ्लॅट कंपनीत टाकू नका, ती हस्तांतरणंही खरेदीच आहेत, स्वतःच्या कंपनीला दिलं तर ड्यूटी बाजारभावावर लागते आणि कंपनीला सरचार्जसकट. वाचवायला जाल ३१ हजार आणि भराल त्याहून जास्त. अल्पवयीन मुलांच्या नावावर ठेवलेलं घर आईवडिलांचंच समजतात. आणि आणखी एक युक्ती लोक विचारतात म्हणून आधीच सांगते, जुनं राहतं घर स्वतःच्या नावावरून बायकोच्या नावावर करून ‘मी माझं विकलं’ म्हणणं. २२ नोव्हेंबर २०१७ पासून ते बंद झालंय, विक्रीनंतर दोघांपैकी कोणाचाही त्या घरात हिस्सा उरता कामा नये.

कॉव्हेंट्री_ते_ब्रिस्टल

आज कन्व्हेयन्सरशी बोललो. शेड्यूलमधला परिच्छेद दाखवला तेव्हा त्यांनी सिनियरला विचारून परत फोन केला, आणि मान्य केलं की आत्ता सरचार्ज भरायचा पण रिफंडचा हक्क आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीचं कम्प्लिशन धरलंय. विक्रेत्याला घाई नव्हती, आता आम्हालाच आहे, त्याला समजावून सांगितलं.

पैशांची सोय मिसेसच्या फ्लॅटवर थोडं रीमॉर्गेज करून होतेय. आता उरला प्रश्न टेनंटचा. चांगलं कुटुंब आहे, भाडं कधी चुकवलेलं नाही, त्यांना त्रास द्यायचा नाहीये. पण नवीन कायद्यात त्यांना काढता येतं का, का ३ वर्षं तशीच जातील?

मिडलँड्समध्ये_१२_टेनंट

यावर मी बोलतो. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये सेक्शन २१ संपलंय, कारण न देता नोटीस आता नाही. पण विकण्यासाठी म्हणून वेगळं कारण आहे, ग्राउंड १ए. टेनन्सीला १२ महिने झालेले असले पाहिजेत, तुमचे कधीच झालेत, आणि नोटीस ४ महिन्यांची. नोटीस दिल्यावर विचार बदलून परत भाड्याने द्यायचं म्हणाल तर १२ महिने देता येत नाही, म्हणून विकायचं नक्की असेल तेव्हाच द्या. ते निघाले नाहीत तर कोर्टात जावं लागतं आणि कोर्टाला वेळ लागतो, पण तुमच्याकडे नवीन घर घेतल्यापासून ३ वर्षं आहेत, घाबरायचं कारण नाही.

माझं म्हणाल तर आधी त्यांच्याशी समोर बसून बोला. पत्राच्या आधी फोन. मुलांची शाळा मधेच तुटू नये म्हणून उन्हाळ्यापर्यंत थांबता येत असेल तर थांबा, तुमचं काहीच जात नाही. दुसरं म्हणजे त्यांनाच विचारा घ्यायचंय का, किंवा टेनंटसकट घेणारा एखादा लँडलॉर्ड बघा. थोडा भाव कमी येईल पण त्यांना हलावं लागणार नाही. रिफंडसाठी घर रिकामं विकलं की टेनंटसकट याने काही फरक पडत नाही ना ताई?

डीड्स_आणि_डेट्स

काही फरक नाही. मालकी पूर्ण गेली पाहिजे एवढंच. टेनंटना स्वतःलाच विकलंत तरी चालेल.

३ वर्षांत काही केल्या विकलं गेलं नाही आणि कारण तुमच्या हाताबाहेरचं होतं, तर अपवादात्मक परिस्थिती म्हणून एचएमआरसी उशिरा झालेली विक्रीही मान्य करू शकतं. पण ते फक्त या विक्रीच्या मुदतीसाठी आहे. नोव्हेंबरच्या तारखेला असला कुठलाही अपवाद नाही, म्हणून सप्टेंबर सोडू नका.

कॅपिटल गेन्स विसरू नका. घर जानेवारी २०२४ पासून भाड्याने आहे, त्यामुळे नफ्याचा काही भाग करपात्र होऊ शकतो (शेवटचे ९ महिने सूट मिळते), आणि कर निघत असेल तर विकल्यापासून ६० दिवसांत कळवून भरावा लागतो. त्यासाठी अकाउंटंट गाठा, ते माझं क्षेत्र नाही.

कॉव्हेंट्री_ते_ब्रिस्टल

टेनंटशी रविवारी बोलतो, भेटूनच. मिसेस विचारतेय की ब्रिस्टलचं फिसकटलं तर पुलापलीकडे न्यूपोर्टला बघायचं का, तिथे जरा स्वस्त मिळतं.

डीड्स_आणि_डेट्स

न्यूपोर्ट म्हणजे वेल्स, तिथे एसडीएलटी नाहीच, लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स आहे, दर वेगळे, फॉर्म वेगळा. जास्तीचे दर तिथेही आहेत आणि राहतं घर बदलल्याची सवलतही आहे, पण मी इथे लिहिलेले आकडे तिथे लावू नका, तिथलं काम करणाऱ्या कन्व्हेयन्सरलाच विचारा. स्कॉटलंडचंही वेगळं, तिथे डिसेंबर २०२४ पासून जास्तीचा दर ८% आहे.

आणि ब्रिस्टलचंच झालं तर कम्प्लिशनच्या आधी रिटर्नचा मसुदा मागून घ्या. पहिल्याच प्रश्नात प्रॉपर्टीचा कोड असतो, साधं घर ०१, जास्तीचं ०४. तुमच्या बाबतीत आत्ता ०४ च बरोबर आहे कारण कॉव्हेंट्री अजून नावावर आहे, ते बघून दचकू नका. समजा काही चमत्कार झाला आणि कॉव्हेंट्री त्याच दिवशी किंवा आधी विकलं गेलं तर मात्र ०१ करून घ्यायचा, आणि ते कन्व्हेयन्सरला आठवण करून द्यावं लागेल, कारण एकदा ०४ टाकून तयार झालेला फॉर्म तसाच जातो.